नाके तितके नकाशे

'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण आपण माणसांच्या स्वभावाबद्दल वापरतो. ती नाकाच्या आतल्या बाजूलाही तंतोतंत लागू पडते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

नाकाभोवतीच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांनाच आपण सायनस म्हणतो. गालांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या अगदी मागे, अशा त्यांच्या चार जोड्या. पुस्तकातल्या चित्रात त्या चाळीतल्या खोल्यांसारख्या एकसारख्या दिसतात. प्रत्यक्षात पाहावे, तर कोणी भिंत सरकवलेली, कोणी पोटमाळा काढलेला! कपाळातली पोकळी कोणाची एकीकडे ऐसपैस, तर दुसरीकडे मुळीच नसते. तिचा आकार इतका ज्याचा त्याचा असतो, की जुन्या क्ष-किरण चित्राशी ताडून मृताची ओळख पटवता येते.

या वेगळेपणामुळे बहुतेकांचे काहीच अडत नाही. तेव्हा रिपोर्टात एखादे बोजड नाव दिसले, म्हणून रोगच झाला असे समजू नये. अडते ते शस्त्रक्रियेच्या वेळी.

"डॉक्टर, औषधांनी गुण येईना म्हणून ऑपरेशन ठरले. मग आता हा स्कॅनचा खर्च कशाला? आमच्या मेहुण्यांचे तर तुम्हीच केलेत!" असे मला पुष्कळजण विचारतात. मी म्हणतो, "मेहुण्यांच्या घराचा नकाशा घेऊन तुमच्या घरात कसा शिरू?"

यात थट्टा थोडी आणि काळजी फार आहे. सायनस आणि डोळा यांच्यामधले हाड कागदासारखे पातळ असते. काहींच्या बाबतीत मागची एक पोकळी वाढून थेट डोळ्याच्या नसेला भिडते. बुडापेस्टच्या ओनोदी या डॉक्टरांच्या नावाने ती ओळखली जाते. ती न ओळखता हत्यार चालवले, तर दृष्टीवरच बेतायचे. नाकाच्या छतावर मेंदू. तिथले चाळणीसारखे हाड कोणाचे १ ते ३ मिलिमीटर खाली उतरलेले, तर कोणाचे ८ ते १६. अशी वर्गवारी केरोस यांनी १९६२ साली मांडली. ते जितके खोल, तितका त्याच्या बाजूचा नाजूक पापुद्रा अधिक उघडा. तो फुटला, तर मेंदूभोवतीचे पाणी नाकातून गळू लागते. शिवाय एकाच माणसाची डावी बाजू उजवीसारखी असेलच, असेही नाही.

पूर्वी साध्या क्ष-किरण चित्रातल्या सावल्यांवरून अंदाज बांधावा लागे. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला आणि पुढे हा नकाशा मिलिमीटरच्या हिशेबाने हाती येऊ लागला.

म्हणून वाचकहो, शस्त्रक्रिया ठरली तर स्कॅनच्या फिल्म जपून ठेवा, आणि डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारा : "माझ्या नाकात वेगळे काय आहे?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही, तो फिल्म उजेडासमोर धरून समजावून सांगतो.