मुक्काम ट्रॉलीत, प्रवास एस.टी.त

सुगी आटोपली, धान्य घरात आले, की आपल्याकडच्या माणसाचे पाय देवाच्या वाटेला लागतात. माघात चिंचलीची मायाक्का, चैत्रात जोतिबा नाहीतर शिखर शिंगणापूर, आषाढीला पंढरपूर. पूर्वी या वाटांवर बैलगाड्यांची रांग लागायची. गाडीला तट्ट्या, वर ताडपत्री, खाली टांगलेला कंदील. आता बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला आणि गाडीच्या जागी ट्रॉली. घरची दहा-बारा माणसे, शेजारची चार, अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, सरपण, पाण्याचे पिंप, सगळे एकाच हौद्यात. चार दिवस देवदर्शन, चार दिवस मोकळी हवा. शहरातली मंडळी ज्याला सहल म्हणतात, ती आपली हीच.

यात वावगे काही नाही. वर्षभर शेण-गोठा आणि चूल यात अडकलेल्या घरच्या लक्ष्मीला चार दिवस बाहेर पडायला मिळते, पोरांना चार गावे दिसतात. म्हणून अलीकडे बरेच शेतकरी नवी ट्रॉली बांधायला टाकतानाच वेल्डिंगवाल्याला सांगतात, "ऊस-खताला चालंल आणि जत्रेला बी चालंल अशी बांध बाबा." या सांगण्यातच खरी मेख आहे. ट्रॉलीत राहायची सोय जरूर करा. पण ट्रॉलीतून माणसे नेऊ नका. सामान ट्रॉलीतून जाऊ द्या, माणसे एस.टी.ने जाऊ द्या, आणि मुक्कामाला दोघांची गाठ पडू द्या. हे ऐकायला जरा विचित्र वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

तीन घटना

१ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूर जिल्ह्यातील घाटमपूर भागात देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली. २६ माणसे गेली, त्यात बहुतेक बायका आणि मुले. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी, माघी पौर्णिमेला, कासगंज जिल्ह्यात गंगास्नानाला निघालेली ट्रॉली अशीच तळ्यात पडली आणि वीसहून जास्त माणसे दगावली. "ते उत्तरेत झालं, आपल्याकडं कुठं?" असे म्हणण्याचीही सोय राहिलेली नाही. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात शेतकामाला निघालेल्या मजूर बायांची ट्रॉली ट्रॅक्टरसह विहिरीत गेली आणि सात बाया बुडाल्या.

तिन्ही ठिकाणी पाणी फार खोल असायला हवे होते असे नाही. ट्रॉली उलटली की हौदा पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखा माणसांवर बसतो. आत धरायला दांडी नाही, बाहेर पडायला दार नाही, वर सामानाचा ढीग. पोहणाराही त्यातून सुटत नाही.

"आमचे बापजादे गाडीतूनच जात होते," असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण बैल तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. गाडी कलंडली तर गुडघे फुटायचे, माणूस उठून बसायचा. ताशी २५ किलोमीटरने जाणारा ट्रॅक्टर एका सेकंदाला सात मीटर पुढे सरकतो. मागच्या भरल्या ट्रॉलीला बहुधा ब्रेकच नसतो. उतारावर चालकाने ट्रॅक्टरचा ब्रेक दाबला, तरी ट्रॉली मागून ढकलतच राहते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. शिवाय बैलगाडीच्या काळी त्या रस्त्यावर ट्रक आणि आरामगाड्या धावत नव्हत्या. रात्री दिव्याविना चाललेली ट्रॉली मागून येणाऱ्याला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

आता पैशाचे बोलू. मालवाहू वाहनातून फुकट बसून जाणाऱ्या माणसांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर कायद्याने येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिलेला आहे. म्हणजे शेजारधर्म म्हणून तुम्ही चार माणसांना ट्रॉलीत बसवले आणि नको ते घडले, तर भरपाईचा बोजा तुमच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकतो. शिवाय ट्रॅक्टरचा विमा काढला म्हणजे ट्रॉलीचाही निघाला, असे समजू नका. कागद काढून एकदा वाचा.

ट्रॉली बांधायची कशी?

मुक्कामाची ट्रॉली बांधायला मोठा खर्च लागतो असे नाही. डोके मात्र लागते. पहिली गोष्ट, जे काही कराल ते सोडवता येईल असे करा. ट्रॉलीच्या मूळ बांधणीत कायमचा बदल करायचा तर आर.टी.ओ.ची परवानगी लागते. म्हणून कमानी, फळ्या, ताडपत्री हे सगळे नटबोल्टवर बसवा. जत्रा संपली की उतरवून माळ्यावर टाका, ट्रॉली पुन्हा शेणखताला मोकळी. आपल्या ट्रॉलीची नोंद कोणत्या कामासाठी आहे, तेही आर.टी.ओ.त विचारून घ्या.

दहा बाय सहा फुटांचा हौदा असेल तर साठ चौरस फूट जागा मिळते. तेवढ्यात घरातली म्हातारी माणसे आणि लेकरे आरामात झोपतात. पाच पाइपांच्या कमानी करून वर ताडपत्री ओढा. कमानी बसून डोके लागणार नाही एवढ्याच उंच ठेवा. फार उंच केल्या तर वारा धरतात. एका बाजूचा फाळका बिजागरीवर खाली पडेल आणि साखळीवर आडवा राहील असा करून घ्या. तोच स्वयंपाकाचा ओटा होतो. त्या बाजूने ताडपत्रीचा पदर दोन बांबूंवर पुढे ओढला की झाली ओसरी, बाप्यामाणसांच्या झोपेची सोय. जमिनीपासून उंचावर असल्याने विंचू-काट्याची भीती कमी आणि खालून ओलही लागत नाही.

हौदा जितका खाली तितका बरा, मात्र पाणंदीतल्या दगडाला कणा घासता कामा नये. दोन्ही चाकांतले अंतर जास्त असेल तर खड्ड्यात ट्रॉली कमी कलते. जड सामान तळाला आणि कण्याच्या आसपास, किंचित पुढे ठेवावे. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. ट्रॉलीचेही तेच. मागे वजन झाले की हुकावरचा दाब जातो आणि ट्रॉली रस्त्यावर शेपूट हलवल्यासारखी झोके खाते. दोनशे लिटरचे पिंप भरले की दोनशे किलो पाणी होते. ते मागच्या फाळक्याला लावून ठेवू नका. अर्धे भरलेले पिंप तर नेऊच नका, वळणावर पाणी डुचमळून सगळे वजन एका अंगाला जाते. पिंप रिकामे न्या आणि मुक्कामावर भरा, हे सर्वांत चांगले.

दोनचाकी ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडून उभी करणार असाल, तर पुढच्या टेकूबरोबर मागेही दोन टेकू हवेत. नाहीतर चार माणसे मागून चढली की पुढचा दांडा आकाशात. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावायला विसरू नका.

ब्रेक बसवून मिळत असेल तर खर्चाकडे पाहू नका. हुकाच्या खिळीला क्लिप हवीच. खिळीऐवजी सळईचा तुकडा घालून चालणारे महाभाग पुष्कळ आहेत. हुक सुटला तरी ट्रॉली धरून ठेवील अशी एक मजबूत साखळी वेगळी बांधा. मागे दोन तांबडे दिवे, दोन तांबडे रिफ्लेक्टर आणि बाजूला चमकणारी पट्टी लावा. ट्रॅक्टरच्या मागे दिव्यांच्या जोडणीचे सॉकेट दिलेले असते, ते बहुतेकांच्या ट्रॅक्टरवर धूळ खात पडलेले असते. रस्त्याला लागण्यापूर्वी ट्रॅक्टरच्या दोन्ही ब्रेक-पेडलांची कडी लावा. शेतात वळायला ती सुटी लागतात, पण रस्त्यावर एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर गरकन फिरतो. उतारावर खालच्या गिअरमध्येच उतरा, डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. आणि मडगार्डवर कोणालाही बसवू नका, मग तो घरचा जावई असो.

स्वयंपाक बाहेर, ओसरीला. सिलिंडर उभा आणि मोकळ्या हवेत ठेवावा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो हौद्याच्या तळाशी साचून राहतो. माघाच्या थंडीत ताडपत्री चारी बाजूंनी बांधून आत शेगडी ठेवून झोपण्याची सवय काहींना असते. निखाऱ्यांच्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस झोपेतच जातो. जास्तीची दोन घोंगडी न्या, शेगडी नको.

एस.टी.चे काय?

"यष्टीत जागा मिळत नाय, पैसे पडत्यात," ही तक्रार रास्त आहे. पण हिशेब मांडून पाहा. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना प्रवास मोफत आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे. ५ ते १२ वर्षांच्या मुलांचेही अर्धेच. घरात पूर्ण तिकिटाची माणसे उरतात किती? दोन नाहीतर तीन. त्यातला एक तर ट्रॅक्टरवर असतो. एक लक्षात ठेवा, चिंचली कर्नाटकात आहे. महिला आणि ज्येष्ठांची सवलत आपल्या राज्याच्या हद्दीपर्यंतच, पुढचे तिकीट पूर्ण पडते. तरीही दवाखान्याच्या एका दिवसाच्या बिलापुढे ते काहीच नाही.

गावातून पुरेशी माणसे मिळाली तर यात्रेसाठी आगाराकडे गटाची गाडीही मागता येते. मात्र मागायला कोणीतरी पुढे व्हावे लागते, आणि इथे सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांचे काम सुरू होते. जत्रेच्या महिनाभर आधी ग्रामसभेत विषय घ्या. कोण कुठे जाणार, किती माणसे, किती ट्रॉल्या, याची यादी करा. सरपंचांच्या सहीचे पत्र आगारप्रमुखांकडे वेळेत गेले, तर विचार होतो. आदल्या दिवशी गेले तर कोण ऐकणार? निघायच्या दिवशी पोलीस पाटलांनी वेशीत उभे राहून प्रत्येक ट्रॉलीचे दिवे, खिळ आणि साखळी पाहावी. रिफ्लेक्टर नसतील तर तिथेच लावून द्यावेत. हा खर्च काही मोठा नाही. तपासणीचा राग येईल एखाद्याला, येऊ द्या. पंचनामा लिहिण्यापेक्षा शिव्या खाणे सोपे.

यात्रेकरूंच्या गावांनीही थोडा विचार करावा. पंढरपुरात वारीसाठी ६५ एकरांच्या तळावर दिंड्यांना जागा आखून दिली जाते, पाणी, वीज आणि शौचालये असतात. लहान जत्रांच्या ठिकाणीही ट्रॉल्यांसाठी सपाट तळ, नळ आणि बसथांब्यापासून तिथपर्यंत नेमकी खूण असेल, तर एस.टी.तून उतरलेली म्हातारी आपल्या बिऱ्हाडापर्यंत न चुकता पोचेल. आज तशी सोय नसल्यानेच माणसे "सगळे एकाच ट्रॉलीत असलेलं बरं" म्हणतात.

तेव्हा मंडळी, ट्रॉली बांधायला टाकली असेल तर वेल्डिंगवाल्याकडे उद्याच एक चक्कर मारा. कमानी, फाळका, टेकू, दिवे, साखळी हे त्याला सांगा. फक्त माणसांना बसायची बाकडी तेवढी लावून घेऊ नका. एकदा बाकडी लावली की माणसे बसणारच, आणि त्यांना उठवण्याचे बळ मग कोणाच्याच अंगात उरत नाही.