चित्रात नसलेला मनुष्य

निवडणूक आली की आपल्या शहराच्या भिंती चित्रांनी भरून जातात. विद्यार्थिमित्रहो, ती चित्रे कशी पाहावीत?

इ. स. १८६४ साली, यादवी युद्ध चालू असतानाच अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक झाली. त्या वेळी न्यूयॉर्कच्या करियर आणि आइव्ह्ज यांनी एक चित्र छापून प्रसिद्ध केले. त्यात अध्यक्ष लिंकन व बंडखोर दक्षिणेचे डेव्हिस देशाचा नकाशा ओढून फाडीत आहेत, आणि लिंकनचे प्रतिस्पर्धी मॅक्लेलन दोघांस आवरीत आहेत. चित्र चटकदार खरे; परंतु ज्याच्या दास्यापायी हे युद्ध पेटले, तो गुलाम त्यात कोठेच नाही!

आमच्या जोतीराव फुल्यांस मात्र तोच दिसला. १८७३ साली त्यांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक दास्यविमोचनार्थ झटलेल्या अमेरिकन लोकांस अर्पण केले.

भिंतीवरील चित्रात कोण आहे हे पाहून झाल्यावर, कोण नाही हेही पाहावे, एवढेच आमचे सांगणे.