रूळ गेले, वाट कोणाची?

बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी 1911 साली लातूरला पोहोचली आणि 1 जानेवारी 1954 रोजी सरकारच्या मालकीची झाली. पुढे ब्रॉडगेजचा मार्ग धाराशिव शहरावरून वळविण्यात आला. 2008 साली ते काम पुरे झाले आणि पांगरी-येडशी दरम्यानचा रामलिंग घाटाकडील जुना मार्ग सुटला. या पट्ट्याची लोकांना चालण्यासाठी, झाडाझुडपांतून जाणारी वाट करावी, असे आमचे मत आहे.

माकणीला रेल्वे कधीच आली नाही, तेव्हा येथील वाचक विचारतील की आमचा याच्याशी संबंध काय? संबंध जमिनीचा आहे. निम्न तेरणा धरण ज्या गावाने उशाशी घेतले, त्याला ‘सार्वजनिक प्रयोजन’ या शब्दांचा अर्थ वकिलाने सांगावयास नको. त्या नावाने घेतलेली जमीन प्रयोजन संपल्यावर कोणाकडे जाते? 1997 साली केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी उरलेली जमीन दुसऱ्या सार्वजनिक कामी लावावी, नाही तर तिचा जाहीर लिलाव करावा. लिलावात बोली कोण बोलतो, हे भूमिहीनास चांगले ठाऊक आहे. आणि लिलावही झाला नाही, तर शेजारचा बडा खातेदार दर पावसाळ्यात एक तास पुढे सरकतो! म्हणून सार्वजनिक कामाची मागणी आपणच प्रथम केली पाहिजे.

अमेरिकेत 1983 च्या कायद्याने बंद मार्ग पायवाटेसाठी राखता येतात. पुढे गरज पडल्यास तेथे पुन्हा रेल्वे आणण्याची सोयही त्यात आहे. ही तरतूद शहाणपणाची आहे. परंतु न्यूयॉर्क शहरात उंचावरील जुन्या रेल्वेमार्गावर 2009 साली बाग खुली झाली आणि भोवतालची घरे गरिबांच्या आवाक्याबाहेर गेली, हेही ध्यानात ठेवावे. वाट झाली म्हणजे तेथल्या माणसाचे भले झालेच, असे नव्हे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. जुन्या पट्ट्यावर कोणी झोपडी बांधून राहत असेल, तर नोटीस व सुनावणीवाचून त्यास हलवू नये. 1985 च्या ओल्गा टेलिस निकालाने उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात गणला आहे. वाटेवरील मजुरी व राखणदारी आसपासच्या भूमिहीनांस मिळावी. येडशी-रामलिंग अभयारण्याच्या हद्दीत 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगी लागेल, ती आधीच मागावी.

याच रेल्वेच्या वाटेवर कसबे तडवळे आहे. 22 व 23 फेब्रुवारी 1941 रोजी तेथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. वाट झालीच, तर ती तेथपर्यंत न्यावी, आणि हा प्रश्न येत्या ग्रामसभेत लेखी ठरावाने मांडावा. तोंडी मागणीची नोंद दप्तरात होत नाही.