एकाच भुलीत दोन शस्त्रक्रिया

"डॉक्टर, एकदा भूल देताच आहात, तर चरबीही काढून टाका ना!" पोटाच्या शस्त्रक्रियेची चौकशी करायला येणाऱ्या भगिनींचा हा ठरलेला प्रश्न. हिशेब वरवर पाहता चुकीचा नाही. एकच भूल, एकच रजा, खर्चातही बचत, आणि घरी सासूबाईंना एकदाच सांगावे लागते! हल्ली पुण्या-मुंबईची काही केंद्रे याचे 'पॅकेज'च देतात. म्हणून या जोडकामाबद्दल माझे मत स्पष्टपणे मांडावे असे वाटले.

लायपोसक्शनमध्ये बारीक छिद्रातून पोकळ नळी घालून कातडीखालची चरबी ओढून घेतात. कातडी मात्र तेवढीच राहते. 'टमी टक'मध्ये ओटीपोटावर कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत छेद घेतात आणि कातडी थेट बरगड्यांपर्यंत उचलतात. बाळंतपणात एकमेकांपासून दूर गेलेले पोटाचे उभे स्नायू टाके घालून जवळ आणतात आणि लोंबणारी जादा कातडी कापून टाकतात. पहिल्या शस्त्रक्रियेने लोंबणे जात नाही, दुसरीने कमरेवरच्या वळ्या जात नाहीत. म्हणून दोन्ही एकत्र करण्याची कल्पना निघाली. (वजन उतरवण्याचा हा उपाय नव्हे, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

या जोडीची भीती उगाच निर्माण झालेली नाही. अमेरिकेतील सौंदर्य शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २००१ साली आपल्या सभासदांची पाहणी प्रसिद्ध केली. नुसत्या लायपोसक्शनमध्ये ४७,४१५ रुग्णांमागे एक मृत्यू, पण सोबत टमी टक असेल तर ३,२८१ मागे एक! फेब्रुवारी २००४ मध्ये फ्लोरिडाच्या वैद्यक मंडळाने डॉक्टरांच्या खासगी क्लिनिकमध्ये या दोन शस्त्रक्रिया एकत्र करण्यावर ९० दिवसांची बंदीच घातली. तेथील नियमाने अशा क्लिनिकमध्ये टमी टकबरोबर काढायच्या चरबीला एक लिटरची मर्यादा घातली आहे.

तरीही २००१ चा आकडा जरा बारकाईने वाचला पाहिजे. टमी टक ही मुळात मोठी शस्त्रक्रिया आहे. तिचा स्वतःचा धोका या आकड्यात मिसळलेला आहे आणि तो सगळा लायपोसक्शनच्या माथी मारणे बरोबर नाही. २०१५ साली अमेरिकेतच २५,४७८ टमी टक शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तो अधिक बोलका आहे. पुन्हा दवाखाना गाठावा लागेल असे मोठे उपद्रव नुसत्या टमी टकनंतर ३.१ टक्के होते, लायपोसक्शन जोडल्यावर ३.८ टक्के. पण मांड्या, दंड यांसारख्या इतर भागांना आकार देण्याची शस्त्रक्रियाही त्यात घातली की हेच प्रमाण १०.४ टक्क्यांवर गेले.

म्हणजे खरा धोका 'आता हेही करून टाकू' या वृत्तीत आहे. भुलीचा प्रत्येक वाढीव तास शरीराला मोजावा लागतो. नोव्हेंबर २००७ मध्ये कॅलिफोर्नियात डोंडा वेस्ट या ५८ वर्षांच्या माजी प्राध्यापिकेने (गायक कान्ये वेस्ट यांच्या मातोश्री) लायपोसक्शन, टमी टक आणि स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया एकाच वेळी करून घेतली. त्या घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी दगावल्या. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार आढळला. पुढे २००९ साली त्या राज्याने सौंदर्य शस्त्रक्रियेपूर्वी शारीरिक तपासणी आणि तसा लेखी दाखला सक्तीचा केला. आपल्याकडे सौंदर्याच्या शस्त्रक्रियेला जाणारी व्यक्ती आजारी नसते, म्हणून ई.सी.जी., रक्तदाब, साखर 'नंतर बघू' म्हणतात. माझ्या मते आजारी नसलेल्या माणसाच्या बाबतीत तर जास्तच काटेकोर असायला हवे. त्याने थांबल्याने त्याचे काहीही बिघडणार नसते.

आता कातडीचे पाहू. टमी टकमध्ये कातडी उचलताना मधल्या भागाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या कापल्या जातात. उरलेली कातडी दोन्ही कुशींकडून येणाऱ्या रक्तावर जगते. त्याच कातडीच्या मध्यभागी नळी जोरात फिरवली, तर बेंबीखालचा पट्टा काळा पडून सडू शकतो. म्हणून जाणकार सर्जन कमरेच्या बाजूंची चरबी काढतात आणि मध्यभागी हात आखडता ठेवतात. ब्राझीलच्या सालदान्हा यांनी २००१ मध्ये कातडी कमी उचलून या वाहिन्या जपण्याची पद्धत मांडली. तेव्हापासून जोडकाम अधिक सुरक्षित झाले, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र तंबाखूपुढे कोणतीही पद्धत लंगडी पडते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. "मी सिगारेट ओढत नाही" असे सांगणाऱ्या आमच्याकडच्या बायका मिश्रीचे नावच काढत नाहीत! मिश्री, गुटखा, तपकीर, सगळे किमान चार आठवडे आधी बंद हवे. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर तेही सांगा. त्यांनी रक्त गोठण्याचा धोका वाढतो. सिझेरियन झाले असेल किंवा बेंबीपाशी फुगवटा असेल तर आधी सोनोग्राफी करून घ्यावी, कारण लपलेल्या हर्नियातून नळी आतड्यात शिरू शकते.

'सकाळी या, संध्याकाळी घरी जा' या जाहिरातीला माझा पूर्ण विरोध आहे. चरबी ओढण्याआधी कातडीखाली लिग्नोकेन व ॲड्रेनॅलिन मिसळलेले पाणी भरपूर भरतात. त्यातील लिग्नोकेनचे रक्तातील प्रमाण सुमारे बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा कमाल पातळीला पोचते. म्हणजे नेमके त्या वेळी, जेव्हा रुग्ण घरी झोपलेला असतो. दोन्ही शस्त्रक्रिया एकत्र करायच्या असतील तर रात्रभर नाडी, श्वास, लघवी पाहणारे कोणी हवे, भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर हवा आणि आय.सी.यू. त्याच इमारतीत असेल तर उत्तम. सर्जनची प्लास्टिक सर्जरीतली पदवी विचारायला लाजू नये. साडी घेताना आपण पदर उलगडून बघतोच की!

आपल्या जिल्ह्याचा प्रश्न यापुढे सुरू होतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत लायपोसक्शननंतरच्या ९५ मृत्यूंची कारणे शोधली होती. सर्वांत मोठे कारण, सुमारे २३ टक्के, फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी हे होते. ही गुठळी बहुधा पोटरीत किंवा मांडीत तयार होते. टमी टकमध्ये स्नायू आवळल्याने पोटातला दाब वाढतो, वरून घट्ट पट्टा असतो, दुखते म्हणून रुग्ण हालचाल करत नाही, आणि पायातले रक्त मंदावते. अशा अवस्थेत तिसऱ्या दिवशी पुण्याहून एस.टी.त किंवा जीपमध्ये पाच-सहा तास पाय दुमडून बसून गावी येणे म्हणजे गुठळीला आमंत्रणच. निदान आठवडाभर शहरात नातेवाइकांकडे राहावे, पहिल्याच दिवसापासून धरून धरून चालावे आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या इंजेक्शनची गरज आहे का, हे सर्जनला आधीच विचारावे.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती. अशी शस्त्रक्रिया करून आलेली बाई पाचव्या-सहाव्या दिवशी "छातीत भरून येतंय, दम लागतोय" म्हणत आली, तर गॅसची गोळी देऊन परत पाठवू नका. बोटाला ऑक्सिमीटर लावा, दोन्ही पोटऱ्या उघड्या करून सूज पाहा आणि जिथे छातीचा सी.टी. होऊ शकतो अशा रुग्णालयात ताबडतोब पाठवा. बऱ्याच जणी ही शस्त्रक्रिया शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून लपवतात, कधी फॅमिली डॉक्टरपासूनही. तेव्हा पोटावरचा पट्टा दिसला की सरळ विचारा, आणि डिस्चार्ज कार्ड मागून घ्या.