कष्ट कोणाचे, लाभ कोणाचा?

वसतिगृहाची हजेरी, कोठीघरातील धान्याची नोंद आणि विद्यार्थ्यांच्या आरोग्याच्या वह्या संगणकावर नेण्याचे काम आपल्या काही माजी विद्यार्थ्यांनी आपणहून स्वीकारले आहे. त्यांचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. मात्र कामास आरंभ होण्यापूर्वी इतिहासाचे शिक्षक या नात्याने एक विचार मांडणे आम्हांस कर्तव्य वाटते.

अनेकांना मिळून काम करता यावे यासाठी संगणक वापरण्याची कल्पना जुनीच आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट यांनी दूर अंतरावरील दोन माणसे एकाच मजकुरावर एकाच वेळी काम करू शकतात, हे प्रात्यक्षिकासह दाखविले. पुढे अशा अनेक प्रणाली निर्माण झाल्या आणि त्यांतील बऱ्याच फसल्या. १९८८ मध्ये जोनाथन ग्रुडिन यांनी या अपयशाची कारणे मांडली. त्यांतील एक असे, की कष्ट एकाचे आणि लाभ दुसऱ्याचा. बैठक बोलावणाऱ्या अधिकाऱ्याची सोय व्हावी म्हणून प्रत्येक कर्मचाऱ्याने आपले वेळापत्रक भरायचे. ज्याला त्याचा उपयोग नाही तो ते भरीत नाही, आणि प्रणाली ओस पडते. एकच माहिती आधी वहीत आणि मग संगणकात भरणाऱ्या शिक्षकांना हे निराळे सांगावयास नको.

जात ही केवळ श्रमांची नव्हे, तर श्रमिकांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. संगणकाच्या पडद्यावरही तशी विभागणी सहज करता येते. एकाने केवळ भरायचे आणि दुसऱ्याने केवळ पाहून जाब विचारायचा.

दुसरा मार्गही इतिहासात आहे. नॉर्वेमध्ये १९७० च्या दशकाच्या प्रारंभी क्रिस्टेन निगार्ड यांनी धातू कामगारांच्या संघटनेसोबत काम केले. कामगारांनी स्वतः संगणक समजून घेतला आणि त्याच्या वापराविषयी निर्णयात वाटा मागितला. १९८१ ते १९८५ या काळातील ‘युटोपिया’ प्रकल्पात स्कँडिनेव्हियातील छपाई कामगारांनी पुठ्ठ्याची नकली यंत्रे समोर ठेवून आपल्या कामाचे साधन कसे असावे हे अभियंत्यांना करून दाखविले.

आपल्याला तर ही परंपरा परकी नाही. भिक्खुसंघात ज्ञप्ती मांडली जाई, मतभेद झाल्यास शलाकांनी मत घेतले जाई. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी संघाच्या या कार्यपद्धतीचे स्मरण करून दिले. त्याच भाषणात त्यांनी सांगितले, की मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या आणि २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. कोणी काय सुचविले व त्याचे काय झाले, हे सभेच्या इतिवृत्तात आजही वाचता येते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पहिली ओळ लिहिण्यापूर्वी कोठी सांभाळणाऱ्या मावशी, अधीक्षक आणि सातवीतील मुले यांच्यासोबत बसा. पडदे आधी पुठ्ठ्यावर काढा. डाळ संपण्याआधी मावशींना सूचना मिळणार नसेल, तर त्यांनी आपली वही का सोडावी? आपल्याविषयी काय नोंदले आहे हे मुलाला दिसले पाहिजे आणि चूक असल्यास हरकत घेता आली पाहिजे. प्रत्येक बदल कोणी व का केला, याची नोंद राहिली पाहिजे.

यास वेळ लागेल आणि नोकरी सांभाळून येणाऱ्यांजवळ तो थोडाच आहे, हे आम्ही जाणतो. तरीही तो द्यावा. ज्या शाळेने तुम्हांला प्रश्न विचारायला शिकविले, तिच्या संगणकानेही प्रश्न विचारण्याची वाट मोकळी ठेवली पाहिजे.