डिजिटल सहीची कंपनी, शाईच्या शिक्क्यांची रांग

कंपनीचं इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट आता डिजिटल सही केलेल्या पीडीएफमध्ये येतं. सही खरी की खोटी, हे सॉफ्टवेअर क्षणात सांगतं. पण त्याच कंपनीला दुबईत शाखा काढायची असेल, तर साधारणपणे ती पीडीएफ आधी प्रिंट करावी लागते. गंमत इथेच आहे. प्रिंट काढली की डिजिटल सही संपली, कागदावर उरतं फक्त तिचं चित्र! मग त्यावर नोटरी, चेंबर ऑफ कॉमर्स, आपलं परराष्ट्र मंत्रालय, यूएईचा दूतावास आणि शेवटी तिथलं परराष्ट्र मंत्रालय असे शिक्के चढत जातात. यातले बहुतेक शिक्के फक्त आधीच्या सही-शिक्क्याची खात्री देतात, मजकुराची हमी देत नाहीत.

भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. बहुतेक सदस्य देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं एक स्टिकर पुरतं, दूतावासाची फेरी वाचते. सौदी अरेबिया २०२२ मध्ये आत आला, कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये. यूएई हे लिहीपर्यंत बाहेरच आहे. त्यामुळे एजंटला पैसे देण्याआधी देश कुठल्या गटात मोडतो ते बघा. आणि तंत्रज्ञान नाही ही सबब चालणार नाही, ई-अपोस्टिलचा उपक्रम २००६ पासून सुरू आहे.