निलंबन मागे, पण ख्वाजा युनूसचे काय?

मुंबईचे माजी पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांचे डिसेंबर २०२१ मधले निलंबन सरकारने २०२३ मध्ये मागे घेतले. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुखांवरचे त्यांचे शंभर कोटींचे पत्र आमच्या बारामती-इंदापुरात फार गाजले, मंत्री राष्ट्रवादीचे ना! आम्हाला मात्र जून २०२० आठवतो. परमबीर यांच्याच समितीने सचिन वाझे यांना नोकरीत परत घेतले. हे वाझे परभणीच्या ख्वाजा युनूस या २७ वर्षांच्या इंजिनिअरच्या कोठडीतील मृत्यूप्रकरणी आरोपी. पोलीस म्हणाले होते, पळाला. सीआयडीने पोलिसांनाच आरोपी केले. अंबानींच्या घराजवळ स्फोटकांची गाडी सापडली, तर वाझे तीन आठवड्यांच्या आत गजाआड. युनूसचा खटला वीस वर्षांनंतरही रेंगाळलेलाच. घरच्यांना त्याची मय्यतसुद्धा मिळाली नाही.